वायंगण बंदराचे बारा दगड

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर वहीच्या ओळीत राहत नाही, वर-खाली पळतं. वाचणाऱ्याला त्रास होईल, त्याची माफी मागते. चौथीपर्यंतच शाळा झाली. ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे, ते अजून अंदाजानेच लिहिते. पण ही माफी नुसती रीत म्हणून मागत नाही. मी जो एवढा लांबचा प्रवास केला तो माझ्या एका चुकलेल्या अक्षरापायी. ते अक्षर बरोबर लिहिलं असतं तर चिखली आणि जानेफळचं माहेर यापलीकडे मी काही पाहिलंच नसतं.

जानेफळला माझी धाकटी बहीण दरवेळी म्हणते, सांग ना समुद्राकडच्या मुलखाचं. चार बायकांसमोर मला बोलता येत नाही, घसा बसतो. म्हणून लिहून ठेवते. तिने वाचावं आणि वही परत आणून द्यावी.

चिखली

आमचा भाजीचा मळा वाटण्या होऊन एवढासा उरला. तो सासूबाई पाहतात. हे, म्हणजे माझे मालक (नाव मी वहीतही घेत नाही), रस्त्याकडेचे दगड रंगवतात. मैल जाऊन किलोमीटर आले तेव्हा सगळे दगड नव्याने रंगवायचे निघाले आणि आमच्या गावच्या एका ठेकेदाराने यांना कामाला घेतलं. सगळे त्यांना सेठजी म्हणतात. यांचा हात फार सरळ, पण यांना वाचता येत नाही. म्हणून घरी मी जाड कागदावर कोळशाने मोठी अक्षरं काढते. अक्षराच्या कडेने सुईने भोकं पाडते. हे तो कागद दगडावर धरतात आणि त्यावर खडूच्या भुकटीची पुरचुंडी आपटतात. दगडावर ठिपके उमटतात आणि त्यावरून हे काळा रंग भरतात. रांगोळीच्या छापासारखंच ते. मेहकर, जानेफळ, धामणगाव बढे, ही सगळी नावं माझ्या कागदावरून दगडावर गेली. ते तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, तेवढं पुरे होतं.

गेल्याच्या आधीच्या पावसाळ्यानंतर सेठजींनी कोकणातल्या एका लहानशा राज्यरस्त्याचं काम घेतलं. मोठ्या सडकेवरच्या फाट्यापासून नदीवरच्या बंदरापर्यंत अकरा किलोमीटर. दर किलोमीटरला एक आणि बंदरावर शून्याचा एक, असे बारा दगड. सेठजींच्या मुनीमजींनी यांना बंदराचं नाव तोंडीच सांगितलं.

"वायंगण," हे घरी येऊन म्हणाले. "वायंगण बंदर. काढ कागद."

इथे मी चुकले. आमच्या भागात तोंडात ळ येत नाही, य येतो. डोळ्याला डोया म्हणतात, काळ्याला काया. शाळेत गुरुजी रोज हातावर छडी मारायचे आणि म्हणायचे, शाया नाही, शाळा! चार वर्षांत दुसरं काही नाही तरी एवढं पक्कं झालं होतं, की तोंडात य आला की लिहिताना ळ लिहायचा. मुनीमजी इथलेच, हेही इथलेच. मी मनात म्हटलं, हे तोंडचं वायंगण, खरं नाव वाळंगण असणार. पापड-कुरड्या वाळवायचं अंगण, ते वाळंगण. मला तर नाव आवडलंच. कागदावर काढलं, भोकं पाडली, हे घेऊन गेले. महिनाभराने काम करून आले.

मग तिकडच्या साहेबाचं पत्र आलं. सेठजींनी यांना बोलावून वाचून दाखवलं. बाराही दगडांवर गावाचं नाव चुकलेलं आहे, पंधरा दिवसांत दुरुस्त न झाल्यास बिल मिळणार नाही. सेठजी म्हणाले, माझं बिल अडलं तर जानेफळच्या सडकेचे दगड तुला देणार नाही, आणि दुरुस्तीचा रंग, गाडीभाडं सगळं तुझं. जानेफळच्या सडकेवर आमचं पुढचं वर्ष होतं.

घरी येऊन यांनी सगळं सांगितलं. मग म्हणाले, "मी वायंगणच म्हनलो होतो ना वं?"

"हो."

"तिकडं लोकं दगड वाचून हसत. मले वाटे माह्या बोलन्याले हसतात."

मी रडायला लागले. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, सगळं ऐकलं होतं. मेथीच्या जुड्या बांधता बांधता त्या म्हणाल्या, "चौथी शिकेल पोरगी म्हून माहेरचे मिरवत होते. पाहा, बारा दगडं बिघडवले!"

हे म्हणाले, "मा, मले आता कागदाचा भरोसा नाही. हिले संगं नेतो. डोयासमोर लिहून घेईन."

मला वाटलं आता आत्याबाई भडकतील. त्या उठल्या, डालड्याचा डबा काढला आणि भाजी विकून साठवलेले नव्वद रुपये माझ्यासमोर ठेवले. यांच्यासमोर नाही, माझ्यासमोर. "बिघडवलं तिनं, तं निस्तरन बी तीच. जाय. पन पैसा न् पैसा परत पाह्यजे मले."

निघताना त्यांनी एक काठीही दिली. आमच्याकडे हिंदी बोलणारे बरेच, त्यामुळे बंदर म्हणजे माकड हेच सगळ्यांना ठाऊक. "माकडाच्या गावाले सरकार सडक काऊन करते देव जाने," आत्याबाई म्हणाल्या. "भाकर सांभाय. वानेर हिसकते." मी समजावलं नाही. काठी घेतली.

पुणे

औरंगाबादेवरून पुण्याला आलो. एस.टी.त बसून पाय सुजले, त्याचं काय लिहायचं. पुण्याच्या स्टँडवर महाडची गाडी कुठून सुटते ते विचारायला हे मला म्हणाले, तू विचार, तू शिकेल हायेस. मी मनात वाक्य चारदा घोकलं आणि बाकावरच्या एका बाईंना विचारलं. घोकूनही तोंडातून निघालं, "महाडची गाडी कुठून लागते, मले सांगता का?"

बाई हसल्या, पण वाईट नाही. "कुठल्या हो तुम्ही?"

"चिखलीच्या."

"चिखली म्हणजे ही पिंपरीजवळची?"

"नाही. बुलढाण्याकडची."

"अगबाई! ते आपल्याच राज्यात येतं का?"

मी खाली पाहिलं. हे पुढे झाले. "हाव ना बाई. राज्य एक झालं ना आता. आमच्या मालकिनीच्या अक्षराचे दगडं तुमच्या कोकनात उभे हायेत."

बाईंना वाटलं, मी कोणी शाळामास्तरीण आहे. त्यांनी मला सरकून जागा दिली. दगडांवर काय लिहिलं आहे ते आम्ही सांगितलं नाही.

घाट उतरताना

भोरहून पुढे घाट लागला. आमच्याकडेही घाट आहे, बुलढाण्याहून मलकापूरकडे उतरतो. पण हा उतरतच राहतो. वळणावर गाडी अशी झुकायची की खाली झाडांची टोकं दिसायची, बुंधा दिसायचा नाही. मी काठी घट्ट धरून बसले. खाली उतरल्यावर हवा ओली झाली, लुगडं अंगाला चिकटायला लागलं. घरं सगळी उतरत्या कौलांची. आमची माळवदाची घरं सपाट, वर मिरच्या वाळत घालता येतात. इथे काही वाळत घालायचं तर घालायचं कुठे? तेव्हाच माझ्या मनात चर्र झालं. अशा मुलखात वाळंगण नावाचं गाव कसं असेल, एवढा विचार मी आधी करायला हवा होता.

फाट्यावर उतरलो. समोरच पहिला दगड. पांढरा, वर हिरवं डोकं. आणि त्यावर माझं अक्षर.

सांगते ते खोटं वाटेल, पण आधी लाज वाटली नाही. आधी छाती भरून आली. घरच्या जमिनीवर ओणवं बसून काढलेलं अक्षर इतक्या दूर परक्या मुलखात उन्हात उभं होतं. वा, मग ळ, त्यावर टिंब, मग गण. सुबक आलं होतं. मग आमची एस.टी. आम्हाला सोडून पुढे निघाली. बंदरावर जाणाऱ्या गाडीच्या दारात उभा राहून कंडक्टर ओरडला, "चला, वाळंगण! वाळंगणवाले चला!" आणि गाडीतले सगळे हसले. तेव्हा मात्र मी पदर तोंडावर ओढला.

भागीरथीबाईंची पडवी

बंदरावर राहायला भागीरथीबाईंच्या पडवीत जागा मिळाली. त्या विधवा, धक्क्याजवळ चहाचं दुकान चालवत. धक्का म्हणजे नदीच्या कडेचा दगडी ओटा. तिथे लाँच लागते, मचवे लागतात, कौलं आणि रेती उतरते, भाताची पोती चढतात. सडक तिथे येऊन संपते. एवढीशी सडक, पण सगळा माल तिच्यावरूनच वर जातो.

मी हातपाय धुऊन बसले, तशा भागीरथीबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आमच्या वायंगणाचा वाळंगण केलास ती तूच काय गो?"

मी मान हलवली.

"लाँचवाले मेले दोन महिने चिडवतायत. काय भागीरथीबाय, पापड वाळले काय? म्हनून. माझ्या भाचीच्या सासरहून लग्नाचा कागद आला, त्यात पन वाळंगण! म्हनतात, सरकारी दगडावर तसंच हाय." मग म्हणाल्या, "अक्षर मात्र देखणं काढलायस."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला घरामागे नेलं. पौष महिना. आमच्याकडे या दिवसांत ज्वारी उभी असते. इथे चिखलात गुडघाभर उभ्या राहून बायका हिरवीगार रोपं लावत होत्या. "ह्यो बघ वायंगण," त्या म्हणाल्या. "पावसाचा भात न्हवं, थंडीत लावतात तो. दुसरीकडे नाय जमत, आमच्याकडे पानी हाय म्हनून जमतो. त्यावरून गावाचा नाव."

मी रोपाला हात लावला. म्हणजे आमच्या तोंडातला य बरोबर होता. मुनीमजी बरोबर बोलले, हे बरोबर बोलले. चुकलं होतं ते छडी खाऊन शिकलेलं माझं लिहिणं. एकदा तरी आमचंच तोंड खरं निघालं, असं वाटून मला गंमत वाटली. यांना सांगितलं तर म्हणाले, "मी तं पयल्या दिवशीच सांगत होतो." दोन दिवस हेच म्हणत होते.

अकरा दगड

कागद मी आणला होता, भोकं पाडून. पण पहिल्या दगडावर खरडून ळ काढला तेव्हा दिसलं, की दोन्ही बाजूंची अक्षरं जागची हलवायची नाहीत आणि मधे बरोबर बसणारा य हवा. कागदावरचा य मोठा निघाला. यांनी तो दोनदा धरून पाहिला, मग ब्रश माझ्या हातात दिला.

"लिही."

"मी? सडकेवर?"

"चूक कोनी केली?"

मी कधी घराबाहेर अक्षर काढलं नव्हतं. सडकेवरून मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायका चालल्या होत्या. बैलगाड्या होत्या. सगळे थांबून बघत होते. य ची पहिली रेघ जरा वाकडी आली, ती दगडावर अजून तशीच आहे. मग दंडा काढला, वर टिंब दिलं. टिंब मी पहिल्यांदाही चुकवलं नव्हतं.

एका पाटीवालीने विचारलं, "सरकारी बाय हायस काय गो?"

"नाही," मी म्हटलं. "चूक माझी होती, नीट करते."

"मंग आमच्या रेशनकार्डावर पन ये. तिथं तर माझा घोच बदललाय!" सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले. घो म्हणजे नवरा, हे यांना नंतर सांगितलं तर हे सुद्धा हसले.

दोन दिवसांत अकरा दगड झाले. संध्याकाळी भागीरथीबाई भात वाढायच्या, सकाळीही भात, मधल्या वेळी पेज. मासळी आम्ही खात नाही, तर त्यांनी कुळथाचं पिठलं केलं. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, आज मी करते. झुणका आणि मिरचीचा ठेचा केला. एका घासात त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "रोज हा खाता तुम्ही? मंग तुमच्याकडची नदी सुकते त्यात नवल काय!"

बारावा दगड

शेवटचा दगड धक्क्यावरच, शून्याचा. आदल्या दिवशी निरोप आला होता, की साहेब दुपारी बघायला येणार. आम्ही सकाळीच गेलो. नदी खूप खाली होती, गाळ उघडा पडला होता. मी रंगाचा डबा आणि भाकरीचं फडकं खालच्या पायरीवर ठेवलं आणि जुना ळ खरडत बसले. माझी पाठ नदीकडे होती.

आमच्या पैनगंगेला मी लहानपणापासून बघते. ती एकाच बाजूला वाहते, आणि उन्हाळ्यात तेही करत नाही. नदी उलटी येते हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

"अगो बाय, भरती! डबा उचल!" भागीरथीबाई दुकानातून ओरडल्या.

वळून पाहिलं तर पायरी पाण्याखाली. काळ्या रंगाचा डबा कलंडून बुडाला होता, पाण्यावर रंगाची कातडी पसरली होती. आणि माझ्या भाकरीचं फडकं डोंगराकडे, उगमाकडे तरंगत चाललं होतं. हे काठीने ओढायला धावले. आत्याबाईंची काठी माकडांना नाही, पण भाकरीला लागली. फडकं हाती आलं, रंग गेला.

दगडावर "वा", मग मोकळी जागा, मग "गण बंदर". साहेब दोन तासांत येणार. रंगाचं दुकान महाडला. मी तिथेच पायरीवर बसले. अकरा दगड बरोबर आणि बंदराच्या तोंडावरच्या दगडाला नावच नाही, असं साहेबाने पाहिलं तर बिल गेलं, जानेफळची सडक गेली आणि आत्याबाईंचे नव्वद रुपये पाण्यात.

धक्क्याच्या पलीकडे एक मचवा वर काठावर ओढून, कलता करून खलाशी त्याच्या बुडाला काहीतरी काळं फासत होता. मी बघत राहिले. मी कोणा परक्या माणसाशी आपणहून कधी बोलले नव्हते. उठले आणि त्याच्याकडे गेले.

"दादा, ते काय हाये?"

"डांबर."

"एक वाटीभर द्याल का? गावाचं नाव पुरं करायचं हाये."

त्याने दगडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "वाळंगणवाली तूच ना? घे. पन बरोबर लिव."

गरम डांबर ब्रशला जड लागतं, ओघळतं. मी श्वास धरून रेघ ओढली. यांनी खालचा ओघळ चिंधीने टिपला. य उभा राहिला.

साहेब सायकलवरून आले. तरुण, शिडशिडीत, पुण्याकडचे असावेत. फाट्यापासून अकरा दगड बघतच आले होते. बारावा वाकून पाहिला, बोटाने चाचपला, बोट काळं झालं.

"हा एकच य जास्त काळा का?"

मीच म्हटलं, "रंग भरतीत गेला, साहेब. ते होडीचं डांबर हाये."

"लिहिलं कोणी?"

"मी."

"कितवी शिकलात?"

"चौथी."

साहेबांनी रुमालाला बोट पुसलं. "होड्या वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात राहतात. हा य बाकीच्या अकरांपेक्षा जास्त टिकेल." मग त्यांनी वही काढून खूण केली. आम्हाला एवढंच म्हणाले, "सेठजींना सांगा, बिल मंजुरीला पाठवतो."

दुपारी बंदरावरून एस.टी. सुटली तेव्हा आमचाच कंडक्टर होता. फाट्याला त्याने नव्या माणसांना हाक दिली, "वायंगण, वायंगण!" आणि माझ्याकडे बघून घंटी मारली.

परत चिखली

जानेफळच्या सडकेचे दगड यांना मिळाले. पुढची नावं मी मुनीमजींकडून आधी कागदावर लिहून घेते. तेही कधी चुकतात, मग मी तलाठ्याकडे विचारायला जाते. आता जाते.

आत्याबाईंना मी दर बाजाराला थोडे थोडे पैसे दिले. कधी दोन रुपये, कधी तीन. भागीरथीबाईंनी पुरचुंडीत दिलेला वायंगणाचा तांदूळ त्यांनी देवापुढे ठेवला, पण "भात हाये, त्यात काय मोठं," असंच म्हणाल्या. त्या पोराच्या कमाईतले पैसे घेत नव्हत्या. अक्षरं मी काढते हे कळल्यावर सेठजी मला कागदामागे वेगळे चार आणे देऊ लागले होते, त्यातलेच पाहिजे होते त्यांना. त्यामुळे वर्ष लागलं.

परवा सकाळी शेवटचे पाच रुपये दिले. आत्याबाईंनी नोट डब्यात टाकली, झाकण लावलं.

"नव्वद झाले?"

"झाले, आत्याबाई."

"मंग दाखव आता मले."

"काय?"

"ते अक्षर. नव्वद रुपयाचं."

अंगण नुकतंच सारवलेलं, ओलं होतं. मी काडीने त्यावर मोठा य काढला, दगडावर काढला तसाच. आत्याबाईंनी तो या बाजूने पाहिला, त्या बाजूने पाहिला.

"हे काय म्हनते?"

"य."

"य?" त्यांनी तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. "डोयातला? शायेतला?"

"तोच."

"हे तं आपुन बोलतोच की वं!"

मग त्यांनी भाजीची पाटी डोक्यावर घेतली, य ला वळसा घालून फाटकाकडे गेल्या आणि तिथून मागे न पाहता म्हणाल्या, "फिटले तुहे पैशे."